वस्त्रस्वावलंबन

वस्त्रस्वावलंबन म्हणजे स्वतःला वर्षभर लागणारे कापड स्वतः कातलेल्या सुतापासून विणून घेणे आणि त्या मर्यादेत बसेल इतकाच मोजका वस्त्रसंच बाळगणे होय. ही संकल्पना महात्मा गांधींच्या खादी चळवळीतून पुढे आली. तिचा सर्वांत पद्धतशीर अवलंब नागपूर-वर्धा परिसरातील सेवाग्राम, नालवाडी, गोपुरी आणि पवनार येथील आश्रमांत व संस्थांत झाला. सामान्य खादीधारी व्यक्ती भांडारातून कापड विकत घेते, तर वस्त्रस्वावलंबी व्यक्ती आपल्या सुताच्या गुंड्या देऊन कापड मिळवते. त्यामुळे कपड्यांची संख्या हा आवडीचा विषय न राहता कातण्याच्या तासांशी बांधलेला हिशोब ठरतो. कमी कपड्यांत राहण्याच्या इतर परंपरांपासून ही पद्धत वेगळी ठरते ती याच कारणाने.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या राष्ट्रीय काँग्रेसच्या अधिवेशनात असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब झाले. परदेशी कापडावरील बहिष्कार आणि घरोघरी सूतकताई ही या कार्यक्रमाची महत्त्वाची अंगे होती. ज्या शहरात हा निर्णय झाला ते स्वतः कापडाचे शहर होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती. हलबा कोष्टी विणकरांचे हातमाग नागपुरात चालत होते आणि जवळचे उमरेड रेशीमकाठी धोतरांसाठी प्रसिद्ध होते. गिरणी आणि हातमाग या दोहोंची सवय असलेल्या प्रदेशात हातकताईच्या सुताचा आग्रह धरणे वाटते तितके सोपे नव्हते. त्या काळातील हातमागांवरही बहुधा गिरणीचेच सूत चढत असे, कारण ते एकसारखे असते आणि कमी तुटते.

२२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे गांधींनी धोतर, सदरा व टोपी सोडून आखूड पंचा नेसण्यास सुरुवात केली. परदेशी कापड टाकून द्यावे तर खादी महाग पडते, अशी अडचण गरीब लोक त्यांच्यापुढे मांडत होते. खादी कमी असेल तर कमी कापडात भागवावे, हे सांगण्याआधी स्वतः करून दाखवावे, असा त्यांचा विचार होता. प्रारंभी हा बदल काही आठवड्यांपुरताच जाहीर झाला होता. पुढे तो कायमचा झाला. सहकाऱ्यांनी मात्र आपले अनुकरण करावे असा आग्रह त्यांनी धरला नाही, आणि वर्ध्याच्या कार्यकर्त्यांपैकी बहुतेकांनी तसे केलेही नाही. धोतर किंवा पायजमा, सदरा, बंडी आणि टोपी हाच त्यांचा वेश राहिला.

एप्रिल १९२१ मध्ये विनोबा भावे जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून वर्ध्याला आले. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात चरख्याचे चिन्ह असलेला खादीचा ध्वज घेऊन स्वयंसेवक सिव्हिल लाइन्सकडे जात आणि अटक करवून घेत. या सत्याग्रहात जमनालाल बजाज व विनोबा दोघांनाही कारावास झाला. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सूत देण्याची अट स्वीकारण्यात आली. ती फार काळ टिकली नाही, परंतु राजकीय वर्गणी सुताच्या लांबीत मोजण्याची कल्पना येथून रूढ झाली. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना झाली व खादीचे उत्पादन आणि विक्री यांची घडी बसू लागली.

विक्रीकडून स्वावलंबनाकडे

चरखा संघाच्या पहिल्या दशकात खादी मुख्यतः विकण्यासाठी तयार होत असे. खेड्यातील स्त्रिया कातत, विणकर विणत आणि शहरातील ग्राहक ती देशभक्तीपोटी विकत घेत. या व्यवस्थेतील विसंगती वर्ध्याच्या कार्यकर्त्यांना लवकर जाणवली. खादी कातणाऱ्या स्त्रीच्या अंगावर मात्र गिरणीचे कापड असे, कारण तिला मिळणाऱ्या मजुरीत खादी परवडत नव्हती.

१९३५ मध्ये विनोबांनी नालवाडी येथे रोज दिवसभर कातून, प्रचलित दराने जी मजुरी होईल तेवढ्यातच निर्वाह करून पाहण्याचा प्रयोग केला. आठ तासांहून अधिक काम करूनही हाती पडणारी रक्कम अत्यल्प होती. त्याच वर्षी चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरते वेतन देण्याचे धोरण स्वीकारले. त्याचा अपरिहार्य परिणाम म्हणजे खादीची किंमत वाढली. विकत घेणाऱ्याने कमी घ्यावी, आणि शक्य असेल त्याने स्वतः कातावी, हा युक्तिवाद या वाढीनंतर अधिक जोराने मांडला जाऊ लागला.

सप्टेंबर १९४४ मध्ये सेवाग्राम येथे चरखा संघाच्या बैठकीत गांधींनी संघाच्या कामाची दिशाच बदलण्याचा प्रस्ताव मांडला. जो कातेल त्याने वापरावे आणि जो वापरेल त्याने कातावे, हे सूत्र तेव्हापासून प्रचारात आले. १९४५ पासून खादी घेताना किमतीचा काही भाग रोख पैशांऐवजी हातकताईच्या सुतात देण्याची अट घालण्यात आली. व्यापाराच्या दृष्टीने हा निर्णय घातक असल्याचे मत संघातही होते. शहरी ग्राहकाला कातण्यास वेळ नसे. तो सूत दुसऱ्याकडून विकत घेऊन अट पूर्ण करीत असे, आणि त्यामुळे अटीचा हेतूच निष्फळ ठरे. स्वातंत्र्यानंतर सरकारी खादी धोरणाने पुन्हा उत्पादन, अनुदान आणि विक्री यांवर भर दिला. १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग अस्तित्वात आला आणि वस्त्रस्वावलंबन हा मुख्य प्रवाहाबाहेरचा, निष्ठावंतांचा आचार उरला.

सुताचा हिशोब

वस्त्रस्वावलंबनातील मोजमापाची एकके ठरलेली आहेत. परेत्यावर सुताचा एक वेढा म्हणजे एक तार. तिची लांबी ४ फूट. १६० तारांची एक लटी आणि ४ लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. एका गुंडीत सुमारे ८५३ वार सूत असते.

कापडाला किती सूत लागते हे विणीच्या घट्टपणावर अवलंबून असते. दर इंचात ४० उभे आणि ४० आडवे धागे असलेले मध्यम पोताचे कापड घेतल्यास एका चौरस वारात १,४४० उभे आणि तितकेच आडवे धागे येतात. प्रत्येक धागा एक वार लांबीचा असल्याने एकूण सूत २,८८० वार होते. विणताना धाग्याला पडणारी वळी, मागावर शिल्लक राहणारी टोके आणि तुटफूट मिळवली की हा आकडा चार गुंड्यांच्या जवळ जातो. एक चौरस वार कापडाला चार गुंड्या, हे प्रमाण त्यामुळे हिशोबासाठी सोयीचे ठरते.

पेटीचरख्यावर चांगला सराव असलेल्या व्यक्तीला एका गुंडीस दोन तास धरले, तर एक चौरस वार कापडामागे आठ तास कताई येते. पिंजणे, पेळू करणे आणि विणणे यांचा वेळ यात धरलेला नाही. रोज अर्धा तास नेमाने कातणाऱ्याचे वर्षाला सुमारे १८२ तास भरतात. त्यातून ९१ गुंड्या सूत निघते व त्याचे जेमतेम २३ चौरस वार कापड होते. वीस नंबरचे सूत असल्यास त्याचे वजन दोन किलोंच्या आसपास भरते. एरवी क्षुल्लक वाटणारा हा आकडाच वस्त्रसंचाची सीमा ठरवतो.

टकळीवर याहून बराच अधिक वेळ लागतो. तरीही तिला या पद्धतीत महत्त्वाचे स्थान मिळाले, कारण ती खिशात मावते, जवळजवळ फुकट पडते आणि मुलांना शिकवता येते. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आखलेल्या नई तालीमच्या अभ्यासक्रमात कताई-विणाई हा मूलोद्योगांपैकी एक होता. सुताच्या तारा मोजताना गणित, कापसाच्या निमित्ताने शेती व भूगोल, असा तो क्रम होता.

वस्त्रसंच

पुरुषाच्या वस्त्रसंचाचा हिशोब २३ चौरस वारांत बसतो. पाच वार लांबी आणि ४५ इंच पन्ह्याची दोन धोतरे साडेबारा चौरस वार घेतात. एक वार पन्ह्याच्या कापडातून अडीच वारांचा एक, असे दोन सदरे पाच चौरस वारांचे होतात. दोन पंचांना मिळून तीन आणि बंडीला एक चौरस वार पुरतो. टोप्या कातरणांतून निघतात. ही बेरीज साडेएकवीस होते. याशिवाय थंडीसाठी एखादी लोकरी शाल किंवा घोंगडी लागते. ती अर्थातच या हिशोबाबाहेरची असते. एक जोड अंगावर आणि एक दोरीवर, अशी ही व्यवस्था आहे. सगळे कपडे दरवर्षी बदलावे लागत नाहीत. म्हणून टिकलेल्या कपड्याचे सूत अंथरूण-पांघरुणासाठी किंवा घरातील मुलांसाठी वळवता येते.

स्त्रियांच्या बाबतीत हिशोब वेगळा होतो आणि या पद्धतीतील खरी अडचण तेथेच उघड होते. ४५ इंच पन्ह्याचे एक नऊवारी लुगडे सव्वाअकरा चौरस वारांचे असते. दोन लुगड्यांतच साडेबावीस चौरस वार संपतात आणि चोळ्यांसाठी काहीही उरत नाही. सहावारी साडी नेसल्याने पुष्कळ कापड वाचते असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. दोन सहावारी साड्यांना पंधरा चौरस वार लागतात, परंतु त्यांच्याखाली परकर घालावा लागत असल्याने आणखी सुमारे पाच चौरस वारांची भर पडते. पोलकी धरली की बेरीज बावीसवर जाते. म्हणजे ज्या घटकाला अधिक कापडाची गरज असे, त्याच्याच वाट्याला दळण, पाणी, स्वयंपाक आणि मुले यांतून कातण्यास कमी वेळ उरे. चरख्याचा प्रचार करणाऱ्या लेखनात या मुद्द्याला फारसे स्थान मिळालेले दिसत नाही. जमनालाल बजाज यांच्या पत्नी जानकीदेवी यांनी दागिने व परदेशी वस्त्रांचा त्याग करून खादीचा प्रचार केला, त्यासाठी घरे आणि सभा पालथ्या घातल्या. मात्र नोकरचाकर असलेल्या घरातील स्त्रीचा अर्धा तास आणि शेतमजूर स्त्रीचा अर्धा तास ही दोन वेगळी मापे आहेत.

रंग बहुधा पांढरा किंवा सुताचा मूळ पिवळसर असे. त्यामागे साधेपणाइतकाच व्यवहारही होता. सर्व कपडे एकाच रंगाचे असले की कोणताही सदरा कोणत्याही धोतरावर चालतो, सर्व कपडे एकत्र उकळून धुता येतात आणि जुन्या कपड्याचा तुकडा नव्याला ठिगळ म्हणून बेमालूम बसतो. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा १९३०च्या दशकात वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहत. त्यांनी स्वतःसाठी धोती-जामा नावाचा वेश बेतून घेतला होता. मोजक्या कपड्यांतही स्वतंत्र पसंतीला वाव असल्याचे हे एक उदाहरण मानता येईल.

हवामानाशी संबंध

नागपूर-वर्धा पट्ट्यात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, तर डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांखाली उतरते. सैल विणीची हातकताईची खादी घाम शोषते व हवा खेळू देते, त्यामुळे उन्हाळ्याला ती अनुकूल असते. उन्हात डोके-कान झाकण्यासाठी वापरला जाणारा दुपट्टा ही विदर्भातील सर्व थरांची सवय आहे, आणि दोन पंचांपैकी एक हे काम करू शकतो. पावसाळ्यात मात्र दोन जोडांची व्यवस्था तोकडी पडते. जाडे खादीचे धोतर सततच्या रिपरिपीत दिवसभरात वाळत नाही आणि दमट कपड्याला वास येतो. म्हणून किमान तीन जोड असावेत असा व्यवहारी विचार अनेकजण करीत. तिसऱ्या जोडासाठी कातण्याचा वेळ अर्ध्या तासावरून पाऊण तासावर न्यावा लागतो.

देखभाल आणि पुनर्वापर

कपडे थोडे असतील तर ते रोज धुवावे लागतात आणि रोज धुतल्याने लवकर विरतात. या कोंडीवर टाके, रफू आणि दंड हे उपाय आहेत. धोतर किंवा लुगडे बसण्याच्या जागी, म्हणजे मध्यभागी, आधी विरते. काठ व टोके शाबूत राहतात. विरलेला भाग कापून काढून दोन्ही टोके जोडणे याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडे हे महाराष्ट्रातील गरीब घरांत नेहमीचे दृश्य होते. आश्रमीय जीवनात त्याला कमीपणाचे न मानता कौशल्य मानले गेले, हा फरक लक्षणीय आहे. धोतर नेसण्याजोगे राहिले नाही की त्याचे पंचे, पंचांचे हातपुसणे आणि बाळाची दुपटी होतात. शेवटी उरलेल्या चिंध्या गोधडीत, दिव्याच्या वातीत किंवा पोतेऱ्यात जातात. शिवणही या दृष्टीने बेतलेली असे. सदऱ्याचे भाग शक्यतो सरळ आयताकृती कापले जात, ज्यामुळे कातरण कमी पडे आणि पुढे उसवून कापड पुन्हा वापरता येई.

टीका

रवींद्रनाथ टागोरांनी १९२५ मध्ये चरख्याच्या सार्वत्रिक आग्रहावर जाहीर टीका केली. सर्वांनी एकच यांत्रिक कृती करीत राहण्याने मनाची वाढ खुंटते, असा त्यांचा आक्षेप होता. गांधींनी त्यास उत्तर दिले आणि वाद सौजन्याने चालला, तरी मतभेद मिटला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची टीका अधिक मूलगामी होती. माणसाला श्रमातून फुरसत मिळवून देण्याचे सामर्थ्य यंत्रात आहे आणि ते नाकारणे म्हणजे गरिबांना कष्टातच ठेवणे होय, असे मत त्यांनी १९४५ च्या आपल्या काँग्रेस व गांधीविषयक ग्रंथात मांडले. कपड्यांबाबत त्यांची भूमिका या प्रश्नाच्या मुळाशी जाते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी अस्पृश्य स्त्रियांना लुगडे नेसण्याची जातिदर्शक पद्धत सोडण्याचे व तशाच खुणा ठरलेले चांदी-कथिलाचे जड दागिने टाकून देण्याचे आवाहन केले. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या दलित महिला परिषदेतही स्वच्छ राहणीवर त्यांनी भर दिला. ज्यांच्यावर फाटके आणि अपुरे कापड रूढीने लादलेले होते, त्यांच्यासाठी पुरेसे, नीटनेटके कपडे घालणे हाच प्रतिकार होता. त्यागण्याजोगे काही जवळ असलेल्यालाच त्याग करता येतो, ही बाब वस्त्रस्वावलंबनाच्या समर्थकांना नीट उत्तरता आलेली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरातील धम्मदीक्षेसाठी लक्षावधी अनुयायी पांढरी वस्त्रे परिधान करून आले. सेवाग्रामचा पांढरा आणि दीक्षाभूमीचा पांढरा यांत सुमारे ७५ किलोमीटरांचे अंतर आहे. दोन्हींचे अर्थ मात्र वेगवेगळ्या इतिहासांतून आले आहेत.

गांधींना हा प्रश्न अपरिचित नव्हता. चंपारण्यातील एका स्त्रीजवळ बदलण्यास दुसरे लुगडे नसल्याने ती रोज धुतलेले वस्त्र नेसू शकत नव्हती, हा कस्तुरबांना आलेला अनुभव त्यांनी आत्मचरित्रात नोंदवला आहे. दोन जोडांचा नियम श्रीमंतांना खाली आणणारा आहे तसाच तो अशा स्त्रीला वर नेणारा आहे, असा त्याचा अर्थ लावता येतो. प्रत्यक्षात चळवळीचा भर पहिल्या बाजूवर अधिक राहिला.

आधुनिक संकल्पनांशी तुलना

मोजक्या कपड्यांचा विचार पाश्चात्त्य देशांत वेगळ्या वाटेने आला. लंडनमधील दुकानदार सूझी फॉ यांनी १९७०च्या दशकात कॅप्सूल वॉर्डरोब ही संज्ञा प्रचारात आणली. अमेरिकी वेशकार डॉना कॅरन यांनी १९८५ मध्ये एकमेकांशी जुळणाऱ्या सात कपड्यांचा संच सादर केला. २०१० मध्ये कोर्टनी कार्व्हर यांनी तीन महिने ३३ वस्तूंत भागवण्याचा उपक्रम सुरू केला. एकमेकांवर चालणारे रंग, ऋतूला साजेसे कापड आणि रोजच्या कामाला उपयोगी पडेल तेवढेच ठेवणे ही तत्त्वे दोहोंत समान आहेत. फरक मर्यादेच्या उगमात आहे. कॅप्सूल वॉर्डरोबमधील संख्या वापरणारा स्वतः ठरवतो, आणि बहुधा भरलेले कपाट रिकामे करून तिच्यापर्यंत पोहोचतो. वस्त्रस्वावलंबनात कपाट रिकाम्यापासूनच भरावे लागते.

सद्यस्थिती

पूर्ण वस्त्रस्वावलंबी व्यक्ती आज फारच थोड्या आढळतात. १९५०च्या दशकात आलेल्या अनेक चात्यांच्या अंबर चरख्याने कताईचा वेग वाढवला, पण त्याचा उपयोग प्रामुख्याने केंद्रांतील उत्पादनासाठी झाला. सूत आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचे पॉलिवस्त्र खादी भांडारांत मिळू लागल्यावर तर खादीच्या व्याख्येवरच वाद झाला. गोपुरी येथील ग्रामसेवा मंडळ कताई-विणाईचे काम करते. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे आणि ग्रामोद्योगी साधनांचे जुने नमुने पाहावयास मिळतात. त्याचे उद्घाटन डिसेंबर १९३८ मध्ये गांधींच्या हस्ते झाले होते.

तरुणांच्या रोजच्या जीवनात या परंपरेचा अंश टिकून आहे तो सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आचारसंहितेत विद्यार्थी व शिक्षकांनी खादी वापरावी अशी अपेक्षा आहे. प्रवेशानंतर विद्यार्थी काही दिवस गांधी आश्रमात शिबिरासाठी राहतात. येथे खादी विकत घेतली जाते, कातली जात नाही, त्यामुळे काटेकोर अर्थाने हे वस्त्रस्वावलंबन नव्हे. पवनार येथे दरवर्षी १२ फेब्रुवारीला, गांधींच्या अस्थिविसर्जनाच्या दिवशी, सर्वोदय मेळा भरतो. तेथे प्रत्येकाने स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी सूतांजली म्हणून अर्पण करण्याची प्रथा विनोबांनी घालून दिली.